आत्याचं बेट

सोनारी, ता. परंडा
१० जून २०२५

चि. सौ. हर्षालीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नको, इथं सगळे ठीक आहोत. आजकाल पत्र म्हटलं की बँकेचं नाहीतर कोर्टाचं. पण माझ्या कानांचं तुला माहीत आहे. फोनवर पलीकडचं माणूस विहिरीत उतरून बोलतंय असं वाटतं. मागं रणधीररावांनी विचारलं, ‘आत्या, गुडघा कसा आहे?’ तर मी म्हटलं, ‘व्हय, दोन किलो पाठवून द्या.’ तेव्हापासून तुझा बाप माझ्या हातात फोन देत नाही. घरचा जावई काय म्हणेल, म्हणतो.

तुझं बाळ गेल्याला काल तीन महिने झाले. महारुद्र मला म्हणतो, ‘आक्का, तू तो विषय काढू नगंस, पोर इसरंल.’ तुझा बाप माझा धाकटा भाऊ, पण अक्कल वाटली तेव्हा हा कुठं चिंचा खात होता देव जाणे. नऊ महिने पोटात वागवलेलं कोण विसरतं? रणधीररावांनी त्याला सांगितलंय की तू दिवस दिवस बोलत नाहीस, जेवलीस का विचारलं तर मान हलवतेस आणि ताट तसंच उचलतेस. हे ऐकल्यापासून माझ्याही घशाखाली घास उतरत नाही.

माझ्या मनात एक आहे. चार दिवस रजा काढ. आपण दोघी बेटावर जाऊन येऊ. मलाही कधीचं जायचंय, पाच वर्षं नुसतं मनातच राहिलंय. चहूकडून पाणी आहे, होडी केल्याशिवाय जाता येत नाही. एकटी निघाले तर लोक विचारतील, म्हातारे, तिथं तुझं काय काम? तू सोबत असलीस तर कोणी विचारणार नाही. नुसतं जाऊन बसायचं, दुसरं काही नाही. तुला बरं वाटेल.

उत्तर पत्रानंच दे.

तुझी
शिवगंगा आत्या


पुणे
२२ जून २०२५

ती. आत्यास,
हर्षालीचा नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. ‘तुझं बाळ गेलं’ असं सरळ लिहिणाऱ्या तुम्ही पहिल्याच. इथं सगळे ‘ते झालं ना’ म्हणतात. ऑफिसात एकीनं तर ‘तुझं ते ऑपरेशन’ म्हटलं. मी ‘हो’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण आत्या, बेटावर! तुमच्या डोक्यात हे आलं कुठून? तुम्ही सोलापूरच्या पुढं कधी गेला नाहीत, आणि एकदम बेट? मला हसू आलं. रणधीर स्वयंपाकघरातून धावत बाहेर आला, काय झालं म्हणून. मी पत्र पुढं केलं. त्यानं वाचलं आणि तिथंच खुर्चीत बसला. म्हणाला, ‘आत्यांना अंदमान बघायचंय आणि आपल्याला कोणी सांगितलंच नाही.’ त्या दिवशी आम्ही दोघं कितीतरी वेळ एका खोलीत बसून एकाच गोष्टीवर बोललो. बऱ्याच दिवसांनी.

तर ऐका. जानेवारीत जायचं, तेव्हा तिथं पाऊस नसतो आणि समुद्र शांत असतो. पुण्याहून विमानानं चेन्नई, तिथून पोर्ट ब्लेअर, मग जहाजानं हॅवलॉक नावाचं बेट. पांढरी वाळू, निळंशार पाणी, काठापर्यंत आलेलं जंगल. काचेच्या तळाची होडी असते म्हणे, बसल्या जागी खालचे मासे दिसतात. तुम्ही, मी आणि रणधीर. तो येईलच, त्यानं यादीसुद्धा करायला घेतली आहे.

तुमचं आधार कार्ड शोधून ठेवा. आणि हो, काल मी दोन पोळ्या खाल्ल्या. बाबांना सांगा.

तुमची
हर्षाली


सोनारी
४ जुलै २०२५

चि. हर्षालीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र बलभीम पोस्टमननं थैली पोटाशी धरून आणलं. देवळापुढच्या वानरांनी मागं त्याच्या हातातून कुणाची तरी पेन्शनची नोटीस पळवली होती. तेव्हापासून बिचारा लेकरू धरल्यासारखी थैली धरतो.

मी म्हणत होते ते बेट इतकं लांबचं नव्हतं गं. पण असू दे. तू दोन पोळ्या खाल्ल्यास ना? मग अंदमान तर अंदमान. तिथनं पुढं अजून काही असेल तर तिथंही येते.

महारुद्रला सांगितलं तर त्यानं आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. शेजारची कडूबाई म्हणाली, ‘अगं बया, काळ्या पाण्याला? ह्या वयात असा काय गुन्हा क्येलास?’ मी म्हटलं, तुझा गळा दाबणार आहे, त्याची शिक्षा आधी भोगून येते. आता गावभर झालंय की शिवगंगाबाई काळ्या पाण्याला निघाली. उचलली जीभ लावली टाळ्याला. भैरवनाथाचे पुजारी मला परवा विचारत होते, ‘शिवगंगाबाई, परत कधी सुटका?’

आता माझे प्रश्न. विमानात डबा उघडू देतात का? मी दशम्या करून आणणार, आठ दिवस टिकतात. शेंगाची चटणी आणि थोडी ज्वारी. तिथं चूल असेल तर भाकरी थापीन, नाहीतर तुमच्या बेटावर मी नुसते मासे बघून उपाशी राहायची. नऊवारीवर चप्पल चालते की बूट घ्यावे लागतात? विमान पडलं तर, असं महारुद्र विचारतो. त्याला म्हटलं, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. असल्या जर-तरला मी भीत नाही.

समुद्र मी बघितलेला नाही. पाण्याचं मला भय वाटतं, तेही खरं. पण तू हात धरशील.

आधार कार्ड सापडलं. फोटोत मी फरार आरोपी दिसते, काळ्या पाण्याला शोभेल.

शिवगंगा आत्या


पुणे
२१ जुलै २०२५

ती. आत्यास,
नमस्कार.

तुमचं पत्र रणधीरनं मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘फरार आरोपी’ला आम्ही दोघंही हसलो. जवळचं बेट म्हणजे तुम्ही कोकणातलं म्हणत होता का? नको, जायचं तर लांबच जाऊ. मला इथून खूप लांब जायचंय.

डबा चालतो, मी विचारून घेतलं. नऊवारीच नेसा, पण वाळूत चालायला सपाट चप्पल हवी. तुमच्यासाठी मी एक पांढरी टोपी घेतली आहे, मोठ्या काठाची. पदरावरून घालायची. नाही म्हणायचं नाही. हॅवलॉकवर राधानगर नावाचा किनारा आहे, तिथं संध्याकाळी जाऊ. चार दिवस हॅवलॉक, दोन दिवस नील बेट, शेवटी पोर्ट ब्लेअर. रणधीर रोज ऑफिसातून आला की चहा पिता पिता नवीन काहीतरी सांगतो. आज म्हणाला, तिथली कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात आणि वाळूत पुरून निघून जातात. मग चहा अर्धाच ठेवून आत गेला. मी दोन्ही कप उचलले.

आत्या, एक लिहू का? माझं बाळ कुठं आहे ते मला माहीत नाही. मी टाक्यांचं दुखणं घेऊन पडले होते. नर्सनं मला एकदाच दाखवलं, कपड्यात गुंडाळलेलं. मग रणधीर खाली गेला. परत आला तेव्हा त्याची बाही कोपरापर्यंत ओली होती. म्हणाला, ‘सगळं झालं.’ मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. त्यानंतर आमच्यात बोलायला काही उरलंच नव्हतं. आता निदान अंदमान आहे. म्हणून म्हणते, तुम्ही बेटाचं काढलंत हे फार बरं केलंत.

हर्षाली


सोनारी
६ ऑगस्ट २०२५

चि. हर्षालीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठले. तुला काही सांगायचं आहे. पण ते समोर बसून सांगायचं, कागदावर नाही. एवढं मात्र लिहिते की रणधीररावांना विचार. सरळ विचार, कुठं नेलं म्हणून. हा प्रश्न पोटात ठेवला तर माणूस आतून वाळत जातं. माझं ऐक.

टोपी घालीन. कडूबाईला फोटो दाखवायचा आहे.

इकडं मी सराव चालवलाय. आपल्या ओढ्यावरच्या तलावाचं पाणी पाच वर्षांपूर्वी वाढलं, तेव्हापासून शरणप्पा तिथं मासे धरतो. त्याची छोटी होडी आहे. त्याला म्हटलं, ‘जहाजात बसायचंय बाबा, जरा सवय कर.’ तो म्हणाला, ‘बसा अक्का, पर हलू नगा. हिचा जीव लई बारीक हाय.’ बसले. दोन्ही हातांनी कड धरून बसले. पाणी एवढं जवळ असतं ते मला माहीतच नव्हतं. पलीकडं पोचायला दहा-बारा हात राहिले होते, तेव्हा माझ्या छातीत असं धडधडायला लागलं की मी म्हटलं, ‘शरणप्पा, मागं फिर.’ तो म्हणाला, ‘आलंच की अक्का.’ मी म्हटलं, फिर मागं. काठावर उतरले. तो हसला. मी पण हसले. पण घरी येऊन अंथरुणावर पडून राहिले.

तू असतीस तर पलीकडं उतरले असते. जाऊ दे. समुद्रात तू असशीलच.

चप्पल घेतली, परंड्याहून. सपाट.

शिवगंगा आत्या


पुणे
२४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
नमस्कार.

अंदमानचं रद्द करू. मला जायचं नाही.

काल एजंटकडे गेलो होतो. तिघांची नावं लिहून झाली. तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, ‘दोन वर्षांखालचं कोणी आहे का? त्याचं वेगळं टाकावं लागतं.’ रोज सगळ्यांना विचारतो तसंच त्यानं विचारलं. जानेवारीत माझं बाळ दहा महिन्यांचं झालं असतं. मांडीवर बसून आलं असतं. मी उठून बाहेर आले. रणधीर मागून आला आणि म्हणाला, ‘किती दिवस असं करणार आहेस?’ रस्त्यात म्हणाला, लोकांसमोर.

तुम्ही लिहिलंत, विचार, कुठं नेलं. मी घरी आल्यावर विचारलं. तो दार उघडून निघून गेला आणि संध्याकाळी आला तरी बोलला नाही. आता आम्ही आधीसारखेसुद्धा राहिलो नाही. कशाला सांगितलंत मला विचारायला?

आत्या, तुम्ही चांगल्या मनानं सांगता ते मला कळतं. पण तुम्हाला मूल झालं नाही. तुम्ही अंगणवाडीत दुसऱ्यांची मुलं तोलत आयुष्य काढलंत. पोटचं जाणं म्हणजे काय ते तुम्हाला कसं कळणार? तुम्ही सुटलात. ‘नुसतं जाऊन बसायचं, बरं वाटेल’ असं ज्याला वाटतं, त्याचं काहीच गेलेलं नसतं.

मला आता पत्र लिहू नका. निदान काही दिवस.

हर्षाली


सोनारी
१२ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षालीस,
आशीर्वाद.

लिहू नको म्हणाली होतीस म्हणून दीड महिना थांबले. तुझं पत्र गौरी जेवल्या त्या दिवशी मिळालं. पुरणाच्या हातानंच उघडलं. तू लिहिलंस त्याचा मला राग आला नाही. तुला कोणी सांगितलंच नाही, तर तुझा काय दोष?

समोर बसून सांगायचं होतं, पण आता कागदावरच सांगते.

मला मुलगी झाली होती. तुझ्या जन्माआधी आठ वर्षं. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून मी इथं, याच घरात आले होते. अकरा दिवस जगली. रंगानं सावळी, डाव्या कानाची पाळी दुमडलेली. दूध ओढताना मुठी आवळायची. बाराव्या दिवशी बारसं होतं. पाळणा धुऊन वाळत ठेवला होता, घुगऱ्या भिजत घातल्या होत्या. अकराव्या दिवशी दुपारी तिचं अंग तापलं आणि दिवेलागणीला गेली. परंड्याचा डॉक्टर येईपर्यंत थांबली नाही. भिजवलेल्या घुगऱ्या आईनं म्हशीपुढं ओतल्या, तो आवाज मला अजून ऐकू येतो. बाकीचे आवाज गेले तरी तो जात नाही.

माझ्या वडिलांनी तिला ओढ्याकाठच्या शेतात नेलं. तिथं उंचवट्यावर कळकाचं बेट होतं, दाट, बांबूला बांबू लागलेला. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. त्या बेटाच्या बुडात तिला ठेवलं. घरात त्या जागेला आम्ही नुसतं ‘बेट’च म्हणत आलो. तुम्हा पोरांना आम्ही सांगायचो, बेटाकडं जाऊ नका, साप आहेत. साप नव्हते.

सासरचं बोलावणं पुढं आलंच नाही. त्यांनी दुसरं लग्न केलं. मग मी इथंच राहिले, अंगणवाडी धरली. वजनकाट्यावर दुसऱ्यांची लेकरं ठेवताना दरवेळी बघायची, कानाची पाळी दुमडलेली आहे का. तू बरोबर लिहिलंस, आयुष्य तोलण्यात गेलं.

वर्षातून एकदा, तिच्या दिवशी, मी गवत आणायला म्हणून जायची आणि बेटात बसायची. रडायची असं नाही. बसायची. चारदोन घटका झाल्या की उठून घरी यायची, आणि मग वर्ष निघायचं. पाच वर्षांपूर्वी तलावाचं पाणी वाढलं आणि उंचवट्याभोवती फिरलं. बेटाचं बेट झालं. पायवाट बुडाली. शरणप्पाला ‘मला तिकडं ने’ कसं म्हणू? म्हातारीचं तिथं काय काम, हे चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. तुझं बाळ गेलं तेव्हा वाटलं, तुला घेऊन जावं. तुला बसायला कुठं जागा असेल-नसेल, माझ्या जागेवर बस. म्हणून लिहिलं, बेटावर जाऊ.

तू समजलीस अंदमान. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण त्या वळशात तू हसलीस, दोन पोळ्या खाल्ल्यास. मग मी कशी म्हणू, पोरी, ते बेट नव्हे, हे बेट? माझा धीर झाला नाही. ऑगस्टात होडीतून पलीकडं निघाले होते ते सरावाला नव्हे. एकटीनं उतरायची छाती झाली नाही एवढंच.

आता शेवटचं सांगते. गेल्या महिन्यात इथं पाणी आलं ते तू बातम्यांत बघितलं असशील. तीन दिवस ओढा नदीसारखा वाहत होता. आमचं घर उंचावर, घराला काही झालं नाही. पण शेताचा अर्धा तुकडा खरवडून गेला. पाणी ओसरल्यावर महारुद्रला म्हटलं, मला नेऊन दाखव. उंचवटा नाही. कळकाचं एक पेर नाही. खालच्या पुलाला काही बांबू अडकले होते, ते लोकांनी तोडून नेले. महारुद्र माझ्याशेजारी उभा होता. त्याला सगळं माहीत होतं, तो तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता. म्हणाला, ‘आक्का, आता कुठं बसणार गं तू?’ आणि शेतात उभा राहून ढसाढसा रडला. एवढ्या वर्षांत आम्ही पहिल्यांदा तिच्याबद्दल बोललो.

जूनमध्येच खरं सांगितलं असतं तर आपण दोघी जाऊन आलो असतो. ते माझ्या हातून राहिलं.

मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. जेवत जा.

शिवगंगा आत्या


पुणे
२७ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

माफ करा म्हणायला मला तोंड नाही. ‘तुम्ही सुटलात’ असं मी लिहिलं. ते शब्द परत घेता येत असते तर मी पायी सोनारीला आले असते.

तुमचं पत्र मी रणधीरच्या पुढ्यात ठेवलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. तो बऱ्याच वेळानं आला. माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि बोलला. हॉस्पिटलात त्याला विचारलं होतं, ‘तुम्ही नेता की आम्ही बघू?’ त्यानं सही केली. त्यांनीच नेलं. कुठं, ते त्यानं विचारलं नाही. मग नळाखाली तोंड धूत उभा राहिला, म्हणून बाही ओली होती. म्हणाला, ‘मला उचलता आलं नसतं गं. मी हात पुढं केला होता, पण उचलता आलं नसतं.’ गेले सात महिने तो हेच लपवत होता आणि मला वाटत होतं, त्याला काही वाटतच नाही. आत्या, मी त्याच्यावर ओरडणार होते. ओरडता आलं नाही. आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.

म्हणजे जागा नाही. तुमची पाण्यानं नेली, माझी कधी नव्हतीच.

मुलगा होता. पावणेतीन किलो. डोकं भरून जावळ. एवढंच मी पाहिलं. हे मला कोणी विचारलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. त्याचं नाव मी शंतनू ठरवलं होतं. रणधीरलाही बोलले नव्हते. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून त्याच्या बहिणीला, दीपमालावन्संना, आदल्या दिवशी गुपचूप सांगणार होते. पाळण्यात वाकून त्यांनीच पहिल्यांदा उच्चारायचं, असं मनात होतं. काल रणधीरला सांगितलं. त्यानं दोन-तीनदा म्हणून बघितलं.

अंदमान अजून रद्द केलेलं नाही. एजंटचा परवा फोन आला होता. तुम्ही खरंच येता का? आता तिथं काही बघायचं म्हणून नव्हे. कुठल्यातरी पाण्याकाठी तुमच्या शेजारी बसायचं आहे.

आणि एक विचारते. रागावू नका. बारसं दुसऱ्या दिवशी होतं म्हणालात, म्हणजे नाव ठरलेलं असणार. ते तुम्ही लिहिलं नाहीत. माझ्या बहिणीचं नाव काय होतं?

हर्षाली


सोनारी
७ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षालीस,
आशीर्वाद.

शंतनू. चांगलं भारदस्त नाव आहे. मी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. महारुद्र आतून म्हणाला, ‘कोण गं?’ मी म्हटलं, तुझा नातू. तो बाहेर येऊन माझ्याजवळ बसला.

जानेवारीत येते. दशम्यांचं पीठ आताच दळून ठेवत नाही, कीड लागते. रणधीररावांना सांग, आत्यानं बोलावणं धाडलंय, त्यांनी येताना मनात काही ठेवू नये. उचलता आलं नाही त्यात पाप नाही. माझ्या वडिलांनी उचललं, पण त्यानंतर ते ओढ्याच्या वाटेनं कधी चालले नाहीत.

आता तू विचारलंस ते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, महारुद्रलाही नाही. तू विचारलं नसतंस तर माझ्याबरोबर गेलं असतं.

पोरीचं नाव मी पोटात असतानाच ठरवलं होतं. परंड्याच्या वाचनालयात एका मासिकात वाचलं होतं. त्या वेळी आपल्या गावात असलं नाव कुणाचं नव्हतं, सगळ्या जनाबाई आणि मुक्ताबाई. नाव ठेवायच्या आदल्या दिवशीच ती गेली, त्यामुळं ते नाव माझ्या तोंडातच राहिलं. आठ वर्षं राहिलं. मग तू झालीस. तुझ्या आईनं तुझं नाव सुनीता ठरवलं होतं, मला तसं बजावूनही ठेवलं होतं. पण मान आत्याचा. बायकांनी तुला पाळण्यात घातलं, मी वाकले, तुझ्या कानाशी ‘कुर्र्’ केलं, आणि माझ्या तोंडून तेच निघालं. हर्षाली. तुझी आई वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. तिला वाटलं, नणंदेनं मुद्दाम मोडता घातला.

गेलेल्या लेकराचं नाव जित्या लेकराला देऊ नये म्हणतात. मला ते माहीत होतं. तरी दिलं. मार्चमध्ये तुझ्या बाळाचं कळलं, तेव्हा पहिला विचार हाच आला, की त्या नावाबरोबर मी तुला माझं नशीबही दिलं की काय. म्हणूनच पहिलं पत्र लिहायला मला तीन महिने लागले. शिकलेल्या माणसाला हा खुळेपणा वाटेल. मला तो अजून रोज छळतो.

पण खोटं कशाला बोलू? त्या नावानं मला जगवलं. तू परकर घालून अंगणात खेळायचीस तेव्हा मी दिवसातून पन्नासदा काम नसताना हाक मारायची. तू वैतागून म्हणायचीस, ‘काय गं आत्या, सारखं सारखं?’ दोघींना एकदमच हाक मारत होते मी.

राग आला असेल तर तसं लिही. नाव बदलून घ्यावंसं वाटलं तरी लिही, मी काही म्हणणार नाही. नाहीतर जानेवारीत भेटशील तेव्हा मी हाक मारली की नुसती ओ दे. मला ऐकू आलं नाही तरी दे.

तुझी
शिवगंगा आत्या